आसेगावचा जोडकाम्या

जावा जोडकाम्या हा संगणक अभियंत्यांमधला एक पोटवर्ग. डिझायनरने काढलेले देखणे पान आणि सर्व्हरवर जावात लिहिलेला कारभार यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. काम झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही. राहिले तर सगळ्या गावाला कळते. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात आढळणारा नमुना एरवी पुण्याला हिंजवडीत असतो. सोयाबीन काढणीच्या सुमारास तो लॅपटॉपसह घरी येतो आणि नेटवर्कसाठी गच्चीवर बसतो.

त्याच्या आधीच्या पिढीचे काम एका घरातले होते. 1999 साली आलेल्या जेएसपीत पान आणि जावा एकाच फायलीत नांदत. आता घरे वेगळी झाली आहेत. पान रिअ‍ॅक्टमध्ये किंवा अँग्युलरमध्ये, कारभार स्प्रिंग बूटमध्ये, आणि मधली देवाणघेवाण जेसन नावाच्या मजकुरी साच्यातून. अँग्युलरचे पान सहसा 4200 क्रमांकाच्या पोर्टवर, सर्व्हर 8080 वर. दोन्ही एकाच लॅपटॉपवर असले तरी ब्राउझर त्यांना परके समजतो आणि सर्व्हरने परवानगी दिल्याशिवाय त्याचे उत्तर पानाच्या हाती देत नाही. या परवानगीच्या पद्धतीला कॉर्स म्हणतात. नव्या जोडकाम्याचा पहिला दिवस तिच्यातच जातो.

पुढचे काम नावे जुळवण्याचे. पान ‘मोबाइल’ पाठवते, जावा ‘मोबाइलनंबर’ची वाट पाहते. स्प्रिंग बूट अनोळखी नावाकडे मुकाट्याने दुर्लक्ष करते, कुणीच तक्रार करत नाही, आणि डेटाबेसात नल, म्हणजे ‘काहीच नाही’, जाऊन बसते. तारखांचा घोळ निराळाच. जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्यावर असतो. जावाच्या आठव्या आवृत्तीपासूनच्या तारखांत तो एकवर. न बघता जोडले की ऑक्टोबरातला दसरा सप्टेंबरात साजरा होतो.

अर्जातली गावांची यादी ही खरी कसोटी. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. यादी त्याआधीची असेल तर आसेगावकर अजून अकोल्यातच. त्यात आसेगाव पूर्णा नावाचे गाव अमरावती जिल्ह्यातही आहे. म्हणून पानाने नाव दाखवावे आणि सर्व्हरला गावाचा कोड पाठवावा, असा नियम. जोडकाम्या हे घरी मोठ्या उत्साहाने समजावतो. आजोबा ऐकून घेतात आणि म्हणतात, “म्हणूनच त आमी चिठ्ठीवर तालुका लिहत होतो.”

काही बिघडले की बैठक भरते. डिझाइनवाले म्हणतात, आमच्याकडे बरोबर दिसतंय. सर्व्हरवाले म्हणतात, आमच्याकडे चालतंय. जोडकाम्या ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडतो. उत्तराचा आकडा चारने सुरू झाला तर ढोबळमानाने दोष पानाच्या मागणीचा, पाचने झाला तर सर्व्हरचा. पण पानाने रकाना रिकामा पाठवला, जावाने तो तपासला नाही आणि नलपॉइंटर उसळला, तर आकडा 500 येतो आणि दोघेही जोडकाम्याकडे बघतात. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे आहे: जमली तर दोन्ही घरांचे नाव, मोडली तर त्याचे.

गावात त्याच्या कामाची व्याख्या सोपी आहे. “पुण्यात करतो काय बापू नेमकं?” या प्रश्नाला बरेच प्रयोग करून त्याने एक उत्तर पक्के केले आहे: “बटनाले कामाले लावतो.” तेव्हापासून ज्याला ज्याला बटन आहे ते सारे त्याच्याकडे येते: सेतू केंद्राचा प्रिंटर, काकांचे ई-केवायसी, न उघडणारा सातबारा, एकदा तर मोटारपंपाचा स्टार्टरही. नकार देण्याची सोय नाही. शिकलेला पोरगा ना!

जोडणी पुरी झाल्याची खूण म्हणजे प्रात्यक्षिक. अर्ज भरला जातो, सर्व्हर 200 हा यशाचा आकडा परत पाठवतो, नोंद डेटाबेसात जाते. ग्राहक क्षणभर पाहतो आणि म्हणतो, “बटन जरा निळं हवं होतं.” रंग ठरवणे डिझायनरचे काम. बदल मात्र जोडकाम्याच्याच नावावर लागतो, आणि मुदत त्याच संध्याकाळची असते.