सतरंजी कशाची, तेवढं सांगा

सोलापुरात बैठकीच्या खोलीत अंथरायला काही घ्यावं म्हणून दुकानात गेलं, की पहिली विचारणा होते सोफ्याच्या रंगाची. मग खोलीच्या मापाची. मग भाव सांगितला जातो, आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की तो खालीही येतो. एवढ्या बोलण्यात समोरची वस्तू कोणत्या धाग्याची आहे हे कुणी सांगत नाही. आपण होऊन विचारलं, तर बोलणं असं होतं:

"मालक, हे कशाचं आहे?"

"एक नंबर माल आहे बघा. आजच आलाय."

"ते झालं. धागा कशाचा?"

"फुल वॉशेबल. हात तर लावून बघा की."

हात लावून मऊपणा कळतो. सूत, लोकर, ताग, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, व्हिस्कोस यांपैकी काय आहे ते कळत नाही. शर्टाच्या कॉलरला किती टक्के सूत आणि किती टक्के पॉलिएस्टर हे लिहिलेली पट्टी शिवलेली असते. कापडावर धाग्याचं मिश्रण नोंदवायचे नियम देशात १९८८ पासून आहेत. शर्ट दोन-तीन वर्षांत विटतो. सतरंजी त्याहून कितीतरी जास्त काळ घरात राहते. तिच्यावर लेकरं रांगतात, पाहुणे झोपतात, आजारी माणूस दुपारी आडवा होतो. तिच्या पाठीला मात्र बारकोड आणि किंमत यापलीकडे काही चिकटवलेलं सापडत नाही.

दुसऱ्या गावात हे सोसलं असतं. सोलापुरात सोसवत नाही. गाव जिला अजून जुनी मिल म्हणतं ती गिरणी इथं १८७७ साली निघाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात घराघरांत माग बसवले. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमानं उभे धागे वरखाली होतात आणि नक्षी कापडावर छापली न जाता त्याच्या अंगातच विणली जाते. त्या मागावरची सुती चादर इथून देशभर गेली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धागा दोन बोटांत फिरवून त्याचा काउंट सांगणारी माणसं पूर्व भागात आजही भेटतात. त्याच शहरातल्या दुकानात 'धागा कशाचा' या प्रश्नाला उत्तर नाही, हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे. धागा न कळल्यामुळे घरात जे त्रास उभे राहतात ते लहान दिसतात, पण रोजचे असतात. म्हणून ते एकेक करून मांडते.

पहिला त्रास तेलाचा. इथल्या घरात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी रोज असते, आणि चटणीवर तेल असतं. जेवताना त्याचा थेंब खाली पडणारच. बाजारात आज सगळ्यात जास्त दिसतो तो पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा. हा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून विक्रेता त्याच्यावर ग्लासभर पाणी ओततो आणि फडक्यानं टिपून दाखवतो. प्रयोग खरा आहे. पण हाच धागा तेल धरून ठेवतो. चहा पुसला जातो, चटणीचं तेल राहतं, मग त्या जागी धूळ बसते आणि महिन्याभरात तिथं काळपट वर्तुळ दिसू लागतं. सुतालाही तेलाचा डाग पडतो. पण सुती सतरंजी गरम पाण्यात साबण आणि सोडा घालून भिजवता येते, आपटता येते, घासता येते. गालिच्यावर कढत पाणी ओतलं तर त्याच्या पाठीचा गोंद सुटू लागतो. पाण्याचा प्रयोग दाखवणाऱ्यानं तेलाचाही दाखवायला हवा.

याच धाग्याचा दुसरा गुण ठिणगीला कळतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सियसला वितळतं, आणि उदबत्तीचा निखारा त्याहून कितीतरी तापलेला असतो. देवघराजवळ अंथरलेल्या गालिच्यावर असा एक निखारा पडला की काळं, कडक कड असलेलं भोक पडतं. पायाला ते टोचत राहतं आणि रफू करून बुजत नाही. सूतही जळतं, पण ते वितळून कुणाच्या कातडीला चिकटत नाही, आणि त्याचं भोक बारक्या सुईनं भरता येतं. लोकर सहसा पेटच धरत नाही. ज्या घरात रोज समई, धूप आणि उदबत्ती लागते, त्या घराला ही माहिती विकत घेण्याआधी मिळायला हवी.

दुसरा त्रास उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा ४० च्या पुढे जातो. अशा वेळी सोलापूरकराचा खरा आधार म्हणजे शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी. दुपारी ती पुसून घेतली की तिच्यावर पाठ टेकून झोप लागते. तिच्यावर दाट लवेचा कृत्रिम गालिचा पसरला की फरशीचा गारवा खालीच अडकतो. घाम शोषला जात नाही, पाठ चिकचिकते, आणि हवा कोरडी असल्यामुळे त्या धाग्यांवर धूळ ओढली जाऊन बसते. काळ्या मातीच्या मुलखात धुळीला बोलवावं लागत नाही. केरसुणी लवेत अडकते, आणि वरवरचा केर निघाला तरी खालची धूळ तशीच राहते.

मग कुणी लोकर सुचवतं. लोकरीबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून माळावर मेंढरांमागे रात्र काढणारा धनगर दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं घेतो. चिंचोक्याची खळ दिलेलं ते घोंगडं ऊन, वारा आणि पावसाची सर तिन्ही झेलतं. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विंडसर राजवाड्यातल्या वॉटर्लू चेंबरमध्ये गेला. तिथल्या थंडीला लोकरच हवी. पण सोलापुरातल्या चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात, वैशाखात, लोकरी गालिचा ही त्या लोकरीचीही गैरसोय आहे. तिला कसर लागते. सोफ्याखाली न हललेल्या भागात कसर कुरतडत असते आणि घरच्यांना ते दिवाळीच्या साफसफाईत कळतं. नव्या लोकरीचे तुसही बरेच दिवस निघत राहतात. लोकर घ्यायचीच असेल तर लहान आसन घ्यावं, पूजेला वापरावं, आणि अधूनमधून उन्हात झटकावं.

तिसरा त्रास धुण्याचा, आणि तो मला सगळ्यात जिव्हारी लागतो. 'फुल वॉशेबल' म्हणणाऱ्यानं कुठल्या पाण्यानं धुवायचं ते सांगितलेलं नसतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यात पिण्याचं भरायचं, सांडायचं भरायचं, आणि उरलेल्या वेळात धुणं. हिशेब करून पाहा. सहा बाय नऊ फुटांचा गालिचा म्हणजे सुमारे ५ चौरस मीटर. चौरस मीटरला किलो-दीड किलो वजन धरलं तरी तो कोरडा असताना ५ ते साडेसात किलो भरतो. घरगुती वॉशिंग मशीनमध्ये तो बसत नाही, आणि ओला झाला की एकट्या बाईला गच्चीवर नेता येत नाही. पाच-सहा फुटांची पातळ सुती सतरंजी बादलीत भिजते, एकटीला पिळता येते, आणि इथल्या उन्हात संध्याकाळच्या आत वाळते. सुताचा आणखी एक गुण विणकर जाणतात: ओलं झाल्यावर ते कोरड्यापेक्षा मजबूत असतं. व्हिस्कोसचं उलटं आहे. रेशमी म्हणून जी चमक विकली जाते ती बरेचदा व्हिस्कोसची असते, आणि भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे 'वॉशेबल' हा शब्द धाग्याचं नाव सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

चौथा त्रास पाठीचा. हल्ली पुष्कळ गालिचे विणलेले नसतात. कापडाला यंत्रानं धागे टोचतात आणि मागून लॅटेक्सचा थर देऊन ते जागेवर धरतात. लॅटेक्स उष्णतेनं आणि हवेनं वाळत जातं. मग त्याची भुकटी होते आणि गालिचा उचलला की खाली पिवळट पीठ सापडतं. ते पीठ फरशीच्या सांध्यांत जातं. धागे सैल होऊन मूठभर हातात येतात. विकताना ही पाठ उलटून दाखवत नाहीत, म्हणून ती आपण उलटून पाहावी. जिथं दोन्ही बाजूंना सारखीच वीण दिसते, ती वस्तू मागावर विणलेली आहे.

पाचवा त्रास मापाचा. दुकानात ज्याला सेंटर पीस म्हणतात तो टीपॉयच्या चार पायांपुरता असतो. त्यावर कुणी बसत नाही. आपल्या घरी सत्यनारायण असतो, हळदीकुंकू असतं, गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत पाहुणे येतात आणि रात्री ओळीनं झोपतात. त्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरता येईल आणि सकाळी घडी घालून कपाटावर ठेवता येईल असं काहीतरी लागतं. गालिच्याची घडी होत नाही. वळकटी करून तो दाराआड उभा करावा लागतो, आणि दार उघडलं की तो कुणाच्या तरी अंगावर येतो.

तागाबद्दलही सांगायला हवं, कारण सध्या तो फार खपतो. कोकणच्या दमट हवेपेक्षा सोलापूरच्या कोरड्या हवेत ताग जास्त बरा टिकतो. जिथं पाणी सांडत नाही तिथं तो दिसतोही छान. पण आपल्याकडे रोज फरशी पुसतात. ओल्या फरशीवर ठेवलेल्या तागावर तपकिरी डाग येतात, त्याचे तंतू सुटतात, आणि उघड्या पायांना, रांगत्या गुडघ्यांना तो चरचरतो. काथ्या दाराबाहेर पाय पुसायला उत्तम. तो आत आणू नये.

एवढ्यानंतर या शहरातल्या घराला शोभणारी वस्तू उरते ती सुताची. मागावर विणलेली, लव नसलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी सतरंजी. पंजा नावाच्या धातूच्या दातेरी अवजारानं आडवे धागे ठोकून घट्ट बसवलेल्या सतरंज्या वरंगळला होतात, कर्नाटकात नवलगुंदला होतात. दोन्ही गावांना स्वतःची ओळख आहे. काही प्रकारच्या सतरंज्या १९८५ च्या कायद्यानं हातमागासाठी राखून ठेवलेल्या आहेत. सुतात दोष आहेत आणि तेही विक्रेत्यानं सांगावेत. हलकी सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते, तिचे कोपरे वळतात, पहिल्या धुण्यात ती थोडी आटते, आणि कच्चा रंग असेल तर शेजारच्या कपड्यांना लागतो. ओलं पांढरं फडकं जोरानं घासून रंग तपासता येतो. आटण्यासाठी थोडं मोठं माप घेता येतं. कोपऱ्यांना आतून जाड पट्टी शिवता येते. हे दोष घरात निस्तरता येतात, आणि माझ्या दृष्टीनं चांगल्या वस्तूची ती पहिली खूण आहे.

आता मागणी. भौगोलिक मानांकन वस्तू कोणत्या गावची ते सांगतं. २००६ पासूनचा हँडलूम मार्क ती हातमागावरची आहे हे सांगतो. १९६४ मध्ये सुरू झालेला वूलमार्क लोकरीबद्दल बोलतो. अंथरायच्या सगळ्याच वस्तूंना लागू पडेल अशी साधी चार ओळींची पट्टी मला हवी आहे: ताणा कशाचा, बाणा कशाचा, लव असेल तर ती कशाची, आणि पाठीला काय लावलंय. चौथ्या ओळीत काही नसेल तर 'काही नाही' असं छापावं. याला नवा कारखाना लागत नाही. सोलापूरच्या विणकरांनी आणि दुकानदारांनी हे आपण होऊन सुरू केलं, तर बाहेर विणून सोलापुरी म्हणून खपवल्या जाणाऱ्या मालाची ओळखही तिथल्या तिथं पटेल.

पट्टी येईपर्यंत गिऱ्हाइकानं एक करावं. सतरंजीच्या दशीतला एक धागा आणि, लव असेल तर, तिच्यातला एक धागा मागून घ्यावा आणि पैसे देण्याआधी घरी आणावा. स्टीलच्या ताटात चिमट्यात धरून पेटवावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राखाडी, भुसभुशीत राख पडली तर ते सूत, ताग किंवा व्हिस्कोस असतं. यांतला फरक चमकीवरून आणि खरखरीतपणावरून कळतो. केस जळल्याचा वास आला तर लोकर. धागा आक्रसून वितळला आणि थंड झाल्यावर नखानं न फुटणारा कडक मणी झाला तर तो कृत्रिम. जो दुकानदार एवढे धागे द्यायला नाही म्हणेल, त्याच्याकडून सतरंजी घेऊ नये.