कलम १४ (ब)

एप्रिल उजाडला की मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या रिंकमधला बर्फ काढून टाकतात आणि खालचं काँक्रीट उघडं पडतं. त्या काँक्रीटवर स्केट्सऐवजी साधे बूट घालून आणि पकऐवजी नारिंगी चेंडू घेऊन जी खेळतात ती बॉल हॉकी. एका बाजूला पाच खेळाडू, एक गोलकीपर आणि दोन्ही बाजूंना मिळून एक काका. गोलकीपर आला नाही तरी सामना कसाबसा उरकता येतो. काका आले नाहीत तर कुलूपच उघडत नाही.

काका म्हणजे लीगचे कन्व्हिनर. पगार नाही, मानधन नाही, पेट्रोल पदरचं. वय साठीच्या पुढे, अंगात लीगचं जाकीट, काखेत फाइल आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी वाजवण्याचा अधिकार फक्त रेफरीला आहे, असं नियमावलीत त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी ती गळ्यात असते. असे काका पंजाब्यांच्या लीगमध्ये असतात, पोर्तुगीजांच्या असतात, पोलिशांच्याही असतात. आमच्या सरमिसळ लीगच्या वाट्याला मराठी आले, एवढंच.

पण मराठी काकांची तयारी वेगळी. उमेदीची वर्षं त्यांनी दादरच्या सोसायटीत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ यात घालवलेली. पुढे इकडे येऊन बँकेत नोकरी केली, पण जीव रमला तो मंडळाची घटना दुरुस्त करण्यात. हॉकी स्टिक मात्र आयुष्यात धरली नाही. नातवासाठी घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, ‘‘डावी की उजवी?’’ आपल्या हॉकीत स्टिक उजवीच. इथे दोन्ही मिळतात. काका क्षणभर अडखळले आणि म्हणाले, ‘‘नियमात बसेल ती द्या.’’

सुरुवातीला नियमावली म्हणजे एक पाठपोट कागद होता. स्लॅपशॉट मारायचा नाही, अंगावर धाव घेऊन कोणाला कठड्यावर आदळायचं नाही, स्टिक खांद्याच्या वर न्यायची नाही, हेल्मेटशिवाय उतरायचं नाही. हे बहुतेक हौशी लीगमध्ये असतंच. खरं साहित्य कलम नऊनंतर सुरू होतं, कारण तिथून पुढच्या प्रत्येक कलमाला एकेक बाप आहे आणि तो अजून लीगमध्ये खेळतो. ‘सामना चालू असताना फोन घेऊ नये, गोलकीपरने तर नाहीच नाही.’ ‘पाण्याच्या बाटलीतील द्रवाचा रंग पाण्यासारखा असावा.’ ‘पेनल्टी बॉक्समध्ये बसलेल्या खेळाडूस भेटण्यास नातेवाइकांनी जाऊ नये, तसेच डबा पोहोचवू नये.’ या शेवटच्या कलमामागे एक आई, दोन थालीपिठं आणि लोण्याची वाटी आहे. मुलगा दोन मिनिटांची शिक्षा भोगत होता, खाणं संपायला सहा लागली आणि तोवर आमचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळत राहिला.

कलम १४ (ब) चं पितृत्वही आमच्याच संघाकडे जातं. उपान्त्य सामन्याच्या आदल्या दिवशी कुलकर्ण्याचा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी त्याची जर्सी घालून सहा फुटी, लाल केसांचा, नाकावर ठिपके असलेला एक तरुण दारात उभा. पाठीवर ठळक अक्षरांत ‘कुलकर्णी’. काकांनी हजेरीची वही उघडली, पण तिच्यात पाहिलंच नाही. शुद्ध मराठीत विचारलं, ‘‘काय कुलकर्णी, मूळचे कुठले तुम्ही?’’

‘‘सॉरी?’’

‘‘गाव, गाव. कुठलं?’’

मागून आमचा कप्तान कुजबुजला, ‘‘मिरज, मिरज.’’

‘‘मिराझ,’’ तरुण म्हणाला.

‘‘वा! म्हणजे माझ्या आजोळचे निघालात,’’ असं म्हणून काकांनी त्याला प्रेक्षकांत नेऊन बसवलं आणि थर्मासमधला चहा पाजला. त्याच रात्री कलम आलं : ‘प्ले-ऑफ खेळणाऱ्याने साखळीत किमान चार सामने स्वतः खेळलेले असावेत. जर्सीवरील आडनाव हा ओळखीचा पुरावा धरला जाणार नाही.’ तो तरुण पुढच्या हंगामापासून रीतसर फी भरून आमच्याकडे खेळतो. सगळे त्याला कुलकर्णीच म्हणतात.

सॉरी म्हणण्यात कॅनडाचा हात कोणी धरणार नाही. ऑन्टारिओत तर २००९ पासून कायदाच आहे : दिवाणी दाव्यात सॉरी म्हणणं ही चुकीची कबुली समजायची नाही. काकांना हा कायदा तोंडपाठ. म्हणून कलम १७ : ‘सॉरी म्हणण्यास हरकत नाही. दोन मिनिटे मात्र बसावेच लागेल.’ मारामारीबद्दल ते याहून कडक. एनएचएलमध्ये ठोसाठोशी केली की पाच मिनिटं बसून परत खेळायला येतात. आमच्याकडे तडक घरी. ‘‘त्यांना त्याचे डॉलर मिळतात,’’ काका समजावतात, ‘‘तुला सोमवारी ऑफिस आहे.’’ मध्यंतरी त्यांनी आपल्या हॉकीतली कार्डंही आणून पाहिली. हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पण पहिल्याच सामन्यात ज्याला ग्रीन कार्ड दाखवलं, त्याने ते हातात घेऊन अमेरिकेत नोकरी कुठे आहे, असं विचारलं. कार्डं फाइलमध्ये गेली.

पालकांसाठी मात्र इथल्या मुलांच्या हॉकीतला चोवीस तासांचा नियम त्यांनी जसाच्या तसा उचलला : सामना संपल्यापासून चोवीस तास कोणी तक्रार करायची नाही, डोकं थंड होऊ द्यायचं. काकांच्या अनुभवात डोकी थंड होत नाहीत, तक्रार नीट टाइप होऊन येते. शनिवारी साडेसातला सामना संपला की रविवारी बरोबर साडेसातला त्यांचा फोन वाजायला लागतो. काकू त्या दिवशी जेवणं सातलाच उरकतात.

एकदा मी त्यांना म्हटलं, ‘‘काका, गल्लीतल्या पोरांना काही लागत नाही. गाडी आली की ‘कार!’ ओरडून गोलपोस्ट उचलतात, गाडी गेली की ‘गेम ऑन!’ दोन आरोळ्यांत सगळं भागतं.’’ काकांनी आधी माझी माहिती पुरी केली : टोरांटोत रस्त्यावर हॉकी खेळायला बंदी होती, ती नगरपरिषदेने २०१६ मध्ये उठवली, आणि तीही अटी घालून. मग म्हणाले, ‘‘अरे, पोरं भांडतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. तुम्ही घरी जाऊन आठवत बसता. नियम खेळासाठी थोडेच लिहितो मी? रविवारच्या फोनसाठी लिहितो.’’

हे खरं असल्याचं आम्हाला ठाऊक आहे. ऑफिसात कोणाला ‘अरे’ न म्हणणारी माणसं इथे एका ऑफसाइडसाठी रेफरीच्या सात पिढ्या काढतात. मग सगळे मिळून काकांना शिव्या घालतात : फार ताणतात, प्रत्येक गोष्टीत कलम काढतात, आता नवीन रक्त हवं. वार्षिक सभेत काका फाइल टेबलावर ठेवून विचारतात, ‘‘कोण घेतंय?’’ तेव्हा नवीन रक्त एकजात बुटांच्या नाड्या बांधायला वाकतं.

यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं. राजीनामा तीन प्रतींत टाइप करून आणला, सभेपुढे वाचला. कोणालाच काय बोलावं सुचेना. शेवटी आमचा मिरजेचा कुलकर्णी उठला आणि त्याने नियमावलीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. कलम ३१ : ‘कन्व्हिनरचा राजीनामा मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार कन्व्हिनरला राहील.’ काकांनी चष्मा लावला, कलम दोनदा वाचलं, स्वतःचा अर्ज तपासला. अर्जाला तीस दिवसांची पूर्वसूचना जोडलेली नव्हती. त्यांनी तो नामंजूर केला.