भागानगरची स्वारी

सन १६७७ मध्ये शिवछत्रपती कुतुबशहाच्या भेटीस भागानगराला गेले, तेव्हा बरोबरच्या अफाट फौजेने तेथील रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये अशी त्यांनी सक्त ताकीद दिली होती, आणि ती पाळलीही गेली, असे इतिहास सांगतो. त्या भेटीतील मुत्सद्देगिरीपेक्षा मला ही ताकीद पाळली गेली याचेच अधिक नवल वाटते. कारण परभणीहून संध्याकाळच्या गाडीने त्याच भागानगरावर, म्हणजे आजच्या हैदराबादेवर, मी जी स्वारी केली, तिच्यातील एकंदर फौज दोन इसमांची होती. थोरले चिरंजीव, वय वर्षे सात. धाकटे चिरंजीव, वय वर्षे चार. निजामाबाद येण्यापूर्वीच या फौजेने वरच्या बाकावरील एका सत्शील गृहस्थाची उजवी चप्पल, समोरच्या आजीबाईंचा चष्मा आणि डब्यातील समस्त उतारूंची झोप लुटून घेतली होती. जामदारखाना सौभाग्यवतींच्या पर्सेत होता. माझ्या हवाली फक्त किरकोळ खर्चाची पेशगी.

आम्हां मराठवाड्यातील लोकांना हैदराबाद हे परके शहर वाटत नाही. १९५६ पर्यंत तीच आमची राजधानी, त्यामुळे तेथे एखादा दावा हरलेला पूर्वज प्रत्येक घराण्यात सापडतोच. साहजिकच प्रस्थानापूर्वी माझ्या चुलत्यांनी प्रेक्षणीय स्थळांची जी यादी लिहून दिली, ती एखाद्या जमाबंदीच्या कागदाइतकी तपशीलवार होती. मुक्कामाच्या लॉजमधील लिफ्ट मात्र तिच्यात नमूद नव्हती, आणि फौजेच्या मते या शहरात स्थापत्याचा त्याहून थोर नमुना नव्हता. पहिला पूर्वाह्न चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणि तळमजल्यावरून चौथ्यावर जाण्यात खर्ची पडला. १५९१ साली उभारलेल्या चारमिनारच्या वाट्याला दुपारचा अर्धा तास आला. त्यातलाही बराचसा काळ कबुतरांनी आणि एका फूलवाल्याच्या टोपलीत तोंड घालणाऱ्या बकरीने घेतला. इराणी चहात बुडालेले उस्मानिया बिस्किट बोटांनी बाहेर काढता येत नाही, हे दोघांनीही स्वतंत्र प्रयोगाने सिद्ध केले.

सालारजंग वस्तुसंग्रहालयाचे तसे नव्हे. तेथे आम्ही रीतसर अडकलो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी आयुष्य आणि ऐश्वर्य वेचून जगभरातून जमविलेला हा संग्रह १९५१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. येथे बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची अवगुंठनवती रेबेका आहे. संगमरवरातून इतके तलम वस्त्र कोरता येते यावर विश्वास बसत नाही, आणि मी निःशब्द होण्याच्या बेतात असताना धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही मावशी भिजलीय. तिला टॉवेल द्या ना."

येथील सुप्रसिद्ध घड्याळात एक लोहार घण मारून सेकंद मोजतो, आणि तास भरला की एक दाढीवाला इसम दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके ठोके घंटेवर देतो व परत आत जातो. बाराचा समारंभ सर्वांत प्रदीर्घ, म्हणून त्या वेळी गर्दीही सर्वाधिक. आम्ही वेळेआधी जाऊन पुढची जागा काबीज केली. आणि बाराला दोन मिनिटे उरली असताना धाकट्यांनी, समस्त भारतवर्षातील बालके अशा मुहूर्तावर जी मागणी करतात, ती केली. त्यांना खांद्यावर घेऊन मी धावत परतलो तेव्हा पाच ठोके पडून गेले होते. उरलेले त्यांनी बोटांवर मोजले आणि भर सभेत निकाल दिला, "सातच वाजले. घड्याळ बिघडलंय." थोरल्यांनी बारा मोजलेले होते. दोन्ही पक्ष आपापल्या पुराव्यावर ठाम असल्यामुळे फेरचौकशीसाठी एक वाजेपर्यंत थांबणे प्राप्त झाले. एक वाजता दाढीवाल्याने बाहेर येऊन एकच ठोका दिला. "बघा," धाकटे म्हणाले, "आता तर पुरतंच बिघडलं."

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, वर बालाहिसारावर ऐकू जाते. वाटाड्याने ती एकदा वाजवून दाखविली, फौजेने पुढे अव्याहत चालू ठेवली. १६८७ मध्ये औरंगजेबाने आठेक महिने वेढा घालून हा किल्ला घेतला. तेव्हा पहाऱ्यावर चार वर्षांचा शिपाई असता, तर आतल्या शिबंदीने झोपेसाठी दुसऱ्याच दिवशी दरवाजे उघडले असते.

चढावर भद्राचल रामदासांची अंधारकोठडी लागते. हे आपले समर्थ नव्हेत. हे कुतुबशहा तानाशाहाच्या अमलातील तहसीलदार कंचर्ल गोपन्ना. सरकारी वसुलाची रक्कम मंजुरीवाचून भद्राचलमच्या राममंदिरावर खर्च केली म्हणून त्यांना येथे डांबले, अशी कथा आहे. ती मी सौभाग्यवतींना भक्तिभावाने ऐकवीत होतो. त्यांनी कोठडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अहो, तुमच्याकडे दिलेल्या पैशांतले किती उरले?"

मी खिसे उलटे केले. फुगे, भोवरे, बकरीने खाल्लेल्या फुलांची भरपाई, वाटाड्याचे बक्षीस. पावती एकाचीही नव्हती. रामदासांची थकबाकी अखेर प्रत्यक्ष राम-लक्ष्मणांनी वेष पालटून तानाशाहाला रोख मोहरांत चुकती केली, असे आख्यायिका सांगते. आमचे राम-लक्ष्मण त्या वेळी तुरुंगाच्या उंबऱ्यावर बसून तिसरी कुल्फी मागत होते.