बटणकाका

तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात दर दोन सोसायट्यांमागे एक बटणकाका सापडतो. नोकरी एमआयडीसीत, मेंटेनन्सला. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, टेस्टर हवाच. नव्वदच्या दशकात शाळा बुडवून यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यावर ‘मुस्तफा’ खेळलेला असतो. कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. पण चार हिरोंपैकी एकाचं नाव आपलं वाटलं, तेच पोरांनी गेमला देऊन टाकलं.

आता हप्ते फिटले, पोरगी कॉलेजात गेली, आणि काकांनी घरीच मशिन बांधायला घेतलं. लोणावळा लोकलने पुणं गाठायचं, तपकीर गल्लीत दिवस घालवायचा आणि पिशवीभर बटणं घेऊन संध्याकाळी परतायचं. काकूंनी सांगितलेली खोबऱ्याची वाटी तेवढी राहते.

वास्तविक मुस्तफाला एक दांडी आणि दोन बटणं पुरतात: मार आणि उडी. पण उद्या कोणाला ‘स्ट्रीट फायटर टू’ खेळावंसं वाटलं तर? त्याला सहा लागतात. शिवाय कॉइन आणि स्टार्ट. झाली आठ. कोणीही शहाणा इथे थांबला असता. काकांनी प्लायला आणखी भोकं पाडली. पॉज हवं, कारण दूधवाला येतो. सेव्ह हवं, कारण लाइट जातात आणि मावळातला पाऊस लाइट घालवताना विचारून घालवत नाही. मग लोड, आवाज वर, आवाज खाली, एक्झिट. बटणांच्या तारा जिथे जोडायच्या त्या सर्किटच्या, म्हणजे एन्कोडरच्या, बारा जागा पुरेनात, तेव्हा काकांनी ‘शिफ्ट’ शोधून काढलं: स्टार्ट दाबून धरायचं आणि दुसरं बटण दाबायचं, की त्याच बटणाचं काम बदलतं. मुंबईहून आलेल्या भाच्याने शेवटच्या राक्षसाला मारताना जोशात दोन्ही हात आपटले आणि गेम बंद करून बाहेर आला. “मॅन्युअल वाचायचं ना रे,” काका म्हणाले. मॅन्युअल आहे. लॅमिनेट केलेलं.

वायरिंग मात्र बघण्यासारखं. फळी उलटी केली की प्रत्येक तारेला फेरूल, त्यावर नंबर, सगळ्या निगेटिव्ह एका रांगेत, लग दाबून बसवलेले. पाहुण्यांना काका गेम दाखवत नाहीत, फळी उलटी करून दाखवतात.

घोळ झाला तो लाल मशरूम बटणाने. कंपनीच्या स्क्रॅपमधला इमर्जन्सी स्टॉप काकांनी एक्झिटवर बसवला. साध्या बटणात दाबल्यावर सर्किट जोडलं जातं. इमर्जन्सी स्टॉपमध्ये ते एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं (याला एनसी म्हणतात), म्हणजे तार निसटली तरी मशिन थांबावं. कारखान्यात याने बोटं वाचतात. इथे एन्कोडरला वाटायचं, एक्झिट कायमच दाबलेलं आहे. गेम उघडायचा आणि मिटायचा. संपर्क बदलायचं काम दहा मिनिटांचं. पण काका ऐकेनात. “सेफ्टीला एनसीच लागतो. स्टँडर्ड आहे.” तेव्हापासून त्यांच्याकडे आधी इमर्जन्सी दाबावी लागते, मग मुस्तफा हलतो.

स्वतः काका कधी खेळताना दिसत नाहीत. जुलैत प्लाय फुगला, कॉइनचं बटण आत अडकलं आणि मशिन आपणच नाणी टाकत सुटलं, तेव्हा मात्र चेहरा खुलला होता. नवीन फळी करायला कारण मिळालं.

जिन्यातला दिवा वरून आणि खालून, दोन्हीकडून बंद व्हावा, एवढी काकूंची मागणी आहे. टू-वे स्विच गेल्या दिवाळीत आणलेत, अजून पुठ्ठ्यातच आहेत. परवा त्या कावल्या: “अहो, त्या फळीवरच बसवा ना आपल्या जिन्याचं बटण! निदान होईल तरी.”

काका गंभीर झाले. फळी उलटी करून बराच वेळ नंबर वाचत राहिले.

“बारा तर भरलेत,” ते म्हणाले, “पण शिफ्टवर बसेल.”