आईबाबा : पूर्व, मुख्य आणि मुलाखत

पुण्याच्या सदाशिव पेठेत नवा क्लास काढायला आता जागा उरलेली नाही म्हणतात. एमपीएससी, यूपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती, बँकिंग, सगळं होऊन गेलं. अभ्यासिकेत रात्री बारालाही खुर्ची रिकामी सापडत नाही. तरीही एका परीक्षेकडे या क्लासवाल्यांचं लक्ष कसं गेलं नाही, याचं आम्हाला राहून राहून नवल वाटतं. ही परीक्षा बारमाही चालते. तिला वयाची अट नाही. अर्जही करावा लागत नाही (पुढे जन्मभर अर्जच करायचे असल्याने सुरुवातीला ही सूट दिली असावी). बाळाच्या फायलीवर डॉक्टरांनी 'डाउन सिंड्रोम', 'सेरेब्रल पाल्सी' किंवा 'ऑटिझम' असं काही लिहिलं, की आईबाबा पूर्व परीक्षेला बसलेच म्हणून समजा.

तर हा क्लास आम्हीच काढतोय. नाव अजून ठरायचंय. 'दिशा', 'विकास', 'समर्थ' ही एकाहून एक सरस नावं अशा मुलांसाठीच्याच सरकारी राष्ट्रीय न्यासाच्या योजनांनी आधीच अडवून ठेवली आहेत. अभ्यासक्रम मात्र तयार आहे. होतकरू पालकांच्या सोयीसाठी तो इथे देत आहोत.

पेपर पहिला : गणित

टक्केवारीचं प्रकरण शाळेत ज्यांनी ऑप्शनला टाकलं होतं, त्यांनी आधी ते पक्कं करून यावं. बहुतेक सवलतींचं दार दिव्यांगत्वाच्या ४० टक्क्यांना उघडतं. बौद्धिक अक्षमतेच्या मोजमापात सीमारेषेवरचं मूल २५ टक्के भरतं, सौम्य म्हटलेलं ५० टक्के, मध्यम ७५ आणि तीव्र ९०. दहावीला नव्वद पडले की गल्लीत पेढे वाटतात. इथे नव्वद पडले की आई गप्प होते आणि शेजारच्या बाकावरची बाई म्हणते, "नशीब काढलंत."

सरावासाठी प्रश्न : एका मुलाला पैसे मोजता येत नाहीत, एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, अक्षराला अक्षर जोडता येत नाही, पण तो नमस्कार फार छान करतो. तर तो किती टक्के? उत्तर : तपासणीच्या दिवशी त्याने नमस्कार केला का, यावर अवलंबून.

हा प्रश्न आम्हाला एका जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मिळाला. बुधवार, टक्के ठरवणारा मेडिकल बोर्ड बसायचा दिवस. व्हरांड्यात केसपेपरची रांग. एका आईने आपल्या आठ वर्षांच्या लेकाला शर्टाची बटणं लावायला शिकवण्यात दोन वर्षं घातली होती. घरी रोज वरचं बटण खालच्या काजात जायचं. त्या दिवशी पठ्ठ्याने चारही बटणं एका दमात लावली, डॉक्टरांना वडिलांच्या नावासकट आपलं नाव सांगितलं आणि वर विचारलं, "तुमचं काय नाव?" डॉक्टर खूश. आईही हसली आणि दुसऱ्या क्षणी तिने कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर एका जुन्याजाणत्या आईने तिला समजावलं, "अगं, आदल्या रात्री जागवायचं असतं त्याला. माझा पेंगत होता, म्हणून पंच्याहत्तर मिळाले." ही टीप कुठल्याही शासकीय माहितीपुस्तिकेत नाही. आमच्या नोट्समध्ये आहे.

याच पेपरात 'आवर्ती' हा उपघटक येतो. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने घ्यायचं. मूल वाढतं, टक्के बदलू शकतात, हे आम्हाला मान्य आहे. पण डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. ती दहाव्या वाढदिवसाच्या आसपास घर सोडून गेल्याचं अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही. तरी खात्री केलेली बरी, म्हणून आईने दिवसाची मजुरी बुडवून यावं.

प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, मिळतं. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. आत मुलाला रंग ओळखायला सांगतात, बाहेर पालकांना.

पेपर दुसरा : भूगोल

प्रमाणपत्र सिव्हिलला. निराधार योजनेचं अनुदान तहसीलला. शिष्यवृत्ती जिल्हा परिषदेत. दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. शाळेतल्या मदतीसाठी गट साधन केंद्र. कायदेशीर पालकत्व कलेक्टर कचेरीत. 'निरामय' विमा राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत. अर्ज ऑनलाइन असतो, म्हणजे घरबसल्या भरायचा, प्रिंट काढायची आणि घेऊन जायची. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच काढला, ही चांगलीच गोष्ट झाली. पूर्वी कोणत्या विभागाने टोलवलं, असा पालकांचा गोंधळ व्हायचा. आता निदान पत्ता नक्की आहे.

नकाशावाचन दहा गुणांचं. रॅम्प दाखवा. रॅम्पच्या टोकाला चॅनल गेट दाखवा. कुत्री आत शिरू नयेत म्हणून ते फूटभरच उघडं ठेवलं आहे; त्यातून व्हीलचेअर आत नेऊन दाखवा.

या पेपरासाठी आमची एकच शिफारस : कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला. कोणत्या टेबलाला कोणता दाखला लागतो, स्वयंघोषणापत्राचा नवा नमुना कोणता, साहेब मीटिंगला म्हणजे नक्की कुठे गेलेत आणि कधी उगवतील, हे त्याला तोंडपाठ असतं. फॉर्म हातात घेतल्या घेतल्या तो म्हणतो, "ताई, रेशनकार्डाची मागची बाजू पण लागेल." माणूस दोन रुपयांत जिल्हा समन्वयकाचं काम करतो आणि त्याला कधी अतिरिक्त कार्यभार दिला जात नाही.

पेपर तिसरा : अर्थशास्त्र

इथे दोन प्रमेयं पाठ करावीत. पहिलं : निराधार योजनेसाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. दुसरं : आयकरात अशा मुलाच्या पालकाला ७५ हजारांची वजावट मिळते, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची, पण जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. नव्यात गेलात की वजावट संपली. आता ज्याचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत, त्याला आयकर ही काय भानगड असते ते ठाऊक नाही. ज्याला आयकर आहे, त्याला सगळे नव्या प्रणालीत चला म्हणतात. आणि या दोहोंच्या मधला जो रिक्षावाला, दुकानातला नोकर, खासगी कंपनीतला वॉचमन आहे, तो मध्यमवर्गीय असल्याबद्दल त्याचं अभिनंदन.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च एंडला त्यांना याची आठवण होते. मग मांडव पडतो, तीनचाकी सायकली येतात, शिलाई मशीन येतात, पिठाच्या गिरण्या येतात. ज्यांना त्या उपयोगी पडतात त्यांना त्या जरूर द्याव्यात. पण सात वर्षांच्या स्वमग्न मुलाला गिरणी लागत नाही, त्याला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट लागतो. अडचण एवढीच, की गिरणीसोबत फोटो चांगला येतो. थेरपिस्ट वर्षभर जमिनीवर बसून एका मुलाकडून 'पा' वदवून घेतो. फीत कापायची कधी आणि कुठे?

पेपर चौथा : इतिहास

पाठांतराला सोपा. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा कुणी काढली? एका पारशी दांपत्याने, डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी. १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया कुणी सुरू केली? मिठू अलूर यांनी. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. डोंबिवलीजवळ खोणी गावात प्रौढ मतिमंदांसाठीचं 'घरकुल' कुणी उभं केलं? अमेय पालक संघटनेने. नावातच 'पालक' आहे, त्यामुळे हुकायला नको.

चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षात आलंच असेल. प्रत्येक प्रश्नाचा 'ड' पर्याय 'पालकांनी स्वतःच काढलं' हा असतो आणि बहुधा तोच बरोबर निघतो. परीक्षेत वेळ कमी पडला तर डोळे मिटून 'ड'वर खूण करावी. आयुष्यात वेळ कमी पडला तर मात्र शाळा काढता येत नाही.

मुलाखत

मुलाखत मंडळात शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे चेअरमन आणि एक नातेवाईक असतात. नातेवाईक कायमस्वरूपी सदस्य.

मुख्याध्यापक म्हणतील, "आमच्याकडे तसं वातावरण नाही हो. तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी सांगतोय." कायदा म्हणतो, भेदभाव न करता प्रवेश द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिक वर्गात अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. हे मुलाखतीत बोलून दाखवू नये; उद्धटपणाचे गुण कापले जातात. प्रवेश मिळालाच तर स्नेहसंमेलनात मुलाला झाडाचं काम देतात. त्याबद्दल आभार मानावेत. काही शाळांत झाडालाही चाचणी घेऊनच घेतात.

नातेवाईक सांगतील, "आमच्या मावसजावेचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता बंगळुरूला आयटीत आहे." यावर काय उत्तर द्यायचं ते आम्ही शिकवत नाही. सगळा क्लास त्यावर आजवर फक्त चहा ठेवायला आत गेलेला आहे.

शेवटचा प्रश्न मंडळातले तिघेही एकदम विचारतात, आणि नंतर रिक्षावालाही विचारतो : "तुमच्यानंतर याचं काय?" कायद्याच्या दृष्टीने मूल अठराव्या वर्षी सज्ञान होतं. त्याला वेणीफणी करून, घास भरवून वाढवणारी आई त्याच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत गेली, की तिला विचारतात, "तुम्ही यांच्या कोण?" मग राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टर ज्या समितीचे अध्यक्ष असतात, त्या समितीकडून आपण आपल्याच मुलाचे पालक असल्याचं प्रमाणपत्र आणायचं. अठरा वर्षं अभ्यास झालेला असतो, तरी उजळणी केलेली बरी.

प्रवेशासंबंधी चौकशीला आलेल्या पालकांमध्ये आम्हाला एक गोष्ट दिसली. ज्यांना ही परीक्षा झेपते, तेच आमच्यापर्यंत पोचतात. एका मुलाचा बाप रजा टाकू शकतो, एका आईला इंग्रजी फॉर्म वाचता येतो, कुणाच्या व्हॉट्सॲपवर तीनशे पालकांचा ग्रुप आहे. त्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता विचारलं, "कोणत्या सिव्हिलला ऑटिझमसाठी सायकॉलॉजिस्ट बसतो?" तर सव्वाअकराला उत्तर येतं. एवढी तत्पर कचेरी महाराष्ट्रात दुसरी नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईला हा ग्रुप नाही. तालुक्याला तपासणी शिबिर लागतं, तेव्हा तिचं मूल दोन जिल्हे ओलांडून फडावर पाचटात खेळत असतं. ती आमच्या पूर्व परीक्षेलाच गैरहजर. आणि गैरहजर उमेदवाराला शून्य टक्के.

इथे आम्हाला आमच्या सगळ्या नोट्स फाडाव्याशा वाटल्या. कारण २०१६चा दिव्यांग हक्क कायदा उघडून पाहिला तर त्यातला उमेदवार निराळाच निघतो. कलम १७ सांगतं, सरकारने आणि स्थानिक संस्थांनी दर पाच वर्षांनी मुलांचं सर्वेक्षण करून ही मुलं शोधायची, त्यांच्या गरजा काय आणि त्या कितपत भागतात ते तपासायचं. त्याच्याही आधी, २०१३ पासून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. आणि जिथे नेकीने जातात तिथे मूल वेळेत सापडतंही. म्हणजे शोधत यायचं होतं कचेरीने. मूल होतं तिथेच बसून राहायला मोकळं होतं. परीक्षा कचेरीची होती. हॉल तिकीट तेवढं आईच्या पदरात पडलं, बहुधा पत्ता चुकून.

म्हणून पहिली बॅच आम्ही पालकांची घेणार नाही. ती राहील संबंधित खात्यांतल्या साहेबांची. लेखी काही नाही, एकच प्रात्यक्षिक. कडेवर सहा वर्षांचं मूल, खांद्याला पिशवी, पिशवीत सगळ्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स. ओळख सांगायची नाही. कामाच्या एका दिवसात स्वतःच्याच कचेरीतून स्वतःच्याच सहीचा एक दाखला मिळवून दाखवायचा. पास झाले तर आम्ही क्लासचा बोर्ड उतरवून ठेवू. नापास झाले तर पुढच्या बॅचला फीमध्ये एसटीच्या दराने सवलत : उमेदवाराला ७५ टक्के, सोबत्याला ५०. सवलतीसाठी प्रमाणपत्र सोबत आणावं. बोर्ड बुधवारी बसतो.