असेसरसाहेब

आमच्या भंडारा जिल्ह्यात त्या काळी प्रतिष्ठित गृहस्थ ओळखण्याच्या दोन खुणा होत्या: गावचा तलाव त्याच्या मालकीचा असावा, आणि सेशन कोर्टाच्या असेसरांच्या यादीत त्याचे नाव असावे. पहिली खूण पूर्वजांच्या पुण्याईने लाभत असे, दुसरी हाकिमांच्या मर्जीने. आणि ज्यांच्यापाशी या दोन्ही होत्या अशा सद्गृहस्थांची एक स्वतंत्र जातच मी कचेरीच्या आवारातील चिंचेखाली बसून पुष्कळ वर्षे न्याहाळली आहे. माझे काका त्या चिंचेखाली अर्जनवीस होते; प्रथम मी त्यांची शाई सांभाळीत असे, पुढे त्यांची लेखणीही माझ्याकडे आली. या जातीचे मुख्य लक्षण असे, की यादीत नाव नसेल तर ते घातले जावे म्हणून, आणि यादीत नाव असून बोलावणे आले तर जाणे टळावे म्हणून, हे गृहस्थ सारख्याच पोटतिडकीने अर्ज करीत. आणि हे दोन्ही प्रकारचे अर्ज आमच्याच चिंचेखाली लिहिले जात असल्यामुळे त्यांच्या या द्वैतावर आमच्या घरची चूल पेटत असे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करणे मला अवश्य वाटते.

ज्यांनी ज्युरी हा शब्द केवळ टिळकांच्या १९०८ सालच्या खटल्याच्या हकिकतीत वाचला आहे, आणि सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्युरीने त्यांना दोषी ठरविल्याचे ज्यांना स्मरते, त्यांना येथे थोडा खुलासा केला पाहिजे. ज्युरी ही मुंबईसारख्या ठिकाणची चैन होती. आमच्या मध्यप्रांतात तिचा धाकटा आणि पुष्कळच गरीब भाऊ नांदत असे, त्याचे नाव असेसर. १८९८ च्या फौजदारी कामाच्या कायद्याने जिल्ह्यात राहणाऱ्या एकवीस ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला या सेवेस पात्र ठरविले होते; सेशनच्या खटल्यात असे निदान तीन, आणि जमल्यास चार इसम न्यायाधीशाच्या शेजारी बसवावेत, त्यांनी सर्व पुरावा ऐकावा, अखेरीस प्रत्येकाने आपले मत तोंडी सांगावे, न्यायाधीशाने ते लिहून घ्यावे, आणि नंतर स्वतःला योग्य वाटेल तो निकाल द्यावा, अशी त्यात तजवीज होती. असेसराचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. याद्या झाल्या, मानपान ठरले, पत्रिका छापून आल्या, आणि मग कोपऱ्यातल्या वृद्ध आत्याबाईंना कोणीतरी आठवणीने विचारावे, "काय आत्या, स्थळ पसंत आहे ना?" तसा हा मान. मात्र आत्याबाई लग्नाला न आल्या तर त्यांच्या घरची भांडी कोणी जप्त करीत नाही. असेसर न आला तर शंभर रुपयांपर्यंत दंड, तो न भरल्यास जंगम मालाची जप्ती, आणि तेवढ्यानेही वसूल न झाल्यास पंधरा दिवस दिवाणी तुरुंग, असा बंदोबस्त कायद्याने करून ठेवला होता.

या जातीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे साकोलीकडचे एक मालगुजार. त्यांना सगळी तहसील 'असेसरसाहेब' म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. सबब मीही त्यांचे तेच नाव येथे चालवितो. उंच, किंचित वाकलेली अंगलट, बंद गळ्याचा काळा कोट, डोक्याला जरीकाठी फेटा, आणि काखेत भंडाऱ्याच्या कासाराकडून मुद्दाम घडवून घेतलेले पितळी पानदान, ज्याच्या झाकणावर कोणे एके काळी त्यांचे नाव कोरलेले होते आणि आता चुन्याच्या बोटांनी त्यातले आडनाव तेवढे शिल्लक राहिले होते.

सेशनचा कागद गावी येई तो प्रसंग मी स्वतः एकदा पाहिला आहे. कोतवाल पडवीच्या पायरीखाली उभा राहून म्हणाला, "मालक, शेशनचा कागद आला जी." असेसरसाहेबांनी कागद लगेच हाती घेतला नाही. आधी सोप्यावर बसलेल्या मंडळींची संख्या त्यांना अपुरी वाटली असावी, कारण त्यांनी पटवाऱ्याला बोलावणे धाडले, गुरुजींना शाळेतून उठवून आणविले, आणि मग चष्म्याची काच धोतराच्या सोग्याने सावकाश पुसून तो कागद अथपासून इतिपर्यंत, खालच्या शिक्क्यासकट, खड्या आवाजात वाचून दाखविला. मंडळींनी माना डोलाविल्या. "सरकारचे आपल्यावाचून चालत नाही," असे गुरुजी म्हणाले. असेसरसाहेबांनी विनयाने डोळे मिटले, मंडळी पांगली, आणि त्यानंतर घटकाभराच्या आत ते पोटावर हात धरून माजघरात आडवे झाले व त्यांनी मला क्षीण स्वरात सांगितले, "काकांना म्हणावं, एक दरखास्त तयार ठेवा."

त्या दरखास्तींची गाथा मोठी आहे. आषाढ-श्रावणात बोलावणे आले की धानाची रोवणी आडवी येई, आणि मालक बांधीवर उभा नसेल तर मजुरांची रोवणी वाकडी होते असा दाखला दिला जाई. मार्गशीर्षात धान चुरण्याचे काम निघे. आणि दिवाळीनंतर बोलावणे आले, तर गावची मंडई आणि रात्रीची दंडार आपल्या आश्रयावाचून पार पडणार नाही, सबब रयतेत असंतोष माजण्याचा संभव आहे, अशी राजकीय स्वरूपाची अडचण मांडली जाई. पावसाळ्यातले त्यांचे हुकमी कारण म्हणजे कारध्याचा पूल. साकोलीकडून भंडाऱ्यास यायचे तर वैनगंगा ओलांडावी लागते, आणि तो बुटका पूल पुराच्या दिवसांत खरोखरच पाण्याखाली जात असे. तेव्हा 'कारध्याच्या पुलावरून पाणी वाहत असल्याने अर्जदार निरुपाय आहे' हे वाक्य काकांनी पाठच करून टाकले होते. परंतु पाठांतराचा दोष असा, की ते ऋतु जाणत नाही. एका फाल्गुनात काकांच्या लेखणीने तेच वाक्य आपोआप लिहिले, आणि अर्जावर शेरा परत आला: 'या महिन्यात पुलाखालूनही पाणी वाहत नाही. हजर राहावे.'

या आघातानंतर असेसरसाहेबांनी निसर्गाचा नाद सोडून कायद्याचा आश्रय घेतला. पुरोहिताचे काम प्रत्यक्ष करणाऱ्यास आणि उघडपणे व नित्य वैद्यकी करणाऱ्यास या सेवेतून माफी आहे, हे त्यांना कोण्या वकिलाकडून कळले. गावातील महादेवाचे देऊळ त्यांच्या आजोबांनी बांधलेले. शिवरात्रीला ते पिंडीवर पहिले पाणी घालीत. तेव्हा ते पुरोहित झाले. घरात हिरड्याच्या चूर्णाची एक बरणी होती आणि मागेल त्याला ते चिमूटभर देत. तेव्हा ते वैद्यही झाले. तथापि आपली बाजू अधिक भक्कम करावी या हेतूने त्यांनी त्याच अर्जाला स्वतःच्या पोटशूळाबद्दल सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. काकांनी त्यांना वारंवार विनविले, की एकाच अर्जात मनुष्याने वैद्य तरी असावे किंवा रोगी तरी असावे. पण प्रमाणपत्राला पैसे पडले आहेत, ते फुकट का घालवायचे, असा त्यांचा व्यवहारी सवाल होता. त्या वेळचे सेशन जज्ज विनोदबुद्धीचे असावेत. त्यांनी शेरा मारला, की अर्जदार आपल्या पोटासाठी दुसऱ्या वैद्याकडे गेला, त्यावरून अर्जदाराचा अर्जदाराच्या वैद्यकीवर भरवसा दिसत नाही, नामंजूर.

वयाच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका लवचिक मनुष्य मी पाहिला नाही. याद्या दरसाल दुरुस्त होत, त्या कचेरीच्या भिंतीवर डकवून हरकती मागविल्या जात. एका वर्षी कारकुनाच्या नजरचुकीने त्यांचे नाव गळले, तेव्हा तिसऱ्या दिवशी दमणी जुंपून, पोटशूळ, पूल आणि रोवणी या सर्वांवर मात करून, ते जातीने भंडाऱ्यास दाखल झाले, आणि अर्जदार चौपन्न वर्षांचा, शरीराने धट्टाकट्टा व सरकारसेवेस सदैव तत्पर आहे अशी हरकत त्यांनी गुदरली. पुढच्याच वर्षी बोलावणे आले तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. काका म्हणत, "कायद्याने मनुष्य शहाणा होतो हे मी ऐकले होते, म्हातारा होतो हे आता पाहिले."

शेवटी एकदा सर्व अर्ज फेटाळले जाऊन त्यांना प्रत्यक्ष बसावे लागले. त्यांच्या जोडीला शहरातला एक भांड्यांचा व्यापारी, एक पेन्शनर हेडमास्तर आणि एक विडीच्या कारखान्याचा ठेकेदार होता. खटला जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा. तलावाच्या पाटाचे पाणी एकाने रात्री आपल्या बांधीकडे फोडून नेले, आणि ज्याची पाळी होती त्याने त्याच्या डोक्यात काठी घातली, एवढीच हकिकत. पण ती सांगायला साक्षीदारांना तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी असेसरसाहेब ताठ बसले होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांचा फेटा हळूहळू हेडमास्तरांच्या खांद्यावर विसावला, आणि हेडमास्तरांनी, आयुष्यभर वर्गात झोपलेल्या मुलांना उठविले असल्यामुळे की काय, त्यांना मुळीच हलविले नाही. तिसऱ्या दिवशी जज्जसाहेबांनी एकेकास मत विचारले. व्यापारी म्हणाला, दोषी. हेडमास्तर म्हणाले, संशयाचा फायदा द्यावा. ठेकेदाराने हेडमास्तरांकडे पाहून तेच म्हटले. मग असेसरसाहेब उठले, त्यांनी कोट सारखा केला आणि विचारले, "हुजूर, त्या रात्री पाळी कोणाची होती?"

"आरोपीची होती, हे उभयपक्षी कबूल आहे."

"आणि पऱ्हे रोवून किती दिवस झाले होते?"

जज्जसाहेबांनी कागद चाळले. तीन दिवसांच्या साक्षींत, वकिलांच्या उलटतपासणीत, हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नव्हता.

"मग मारलं त्यानंच," असेसरसाहेब म्हणाले, "पण पाळीचं पाणी रात्री चोरणाऱ्याला काठी बसली, तर आमच्याकडे तिला मारणं म्हणत नाहीत जी."

"आपले मत गुन्ह्याविषयी द्या, पाण्याविषयी नव्हे," जज्जसाहेब सौम्यपणे म्हणाले.

"पाण्यावाचून गुन्हा कोठला, हुजूर?"

ते मत, जसेच्या तसे, नोंदले गेले. आणि आरोपीला शिक्षा झाली. मी ज्या गृहस्थांची येथवर चेष्टा केली त्यांच्या त्या प्रश्नाचा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे. परक्या मुलखातून बदलून आलेल्या न्यायाधीशाला ज्या गोष्टी पुस्तकात सापडणार नाहीत त्या कोणीतरी सांगाव्यात, यासाठीच हा असेसर नावाचा प्राणी कायद्याने पैदा केला असणार. आणि तो जेव्हा खरोखर त्या गोष्टी सांगू लागे, तेव्हा त्याला मुद्द्यावर येण्याची सूचना मिळे. असो. असेसरसाहेबांना त्याचे काहीच वाटले नाही. परतीच्या वाटेवर लाखनीला चहा घेतानाच त्यांनी "जज्जसाहेबांनी मला विचारलं" येथून सुरुवात केली होती, आणि साकोली येईपर्यंत जज्जसाहेब त्यांना विचारल्यावाचून पाणीही पीत नव्हते.

मग काळ फिरला. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि मुआवजाच्या कागदांसाठी हे सर्व मालक आमच्या चिंचेखाली रयतेच्याच रांगेत बसू लागले. दोन खुणांपैकी एक पुसली गेली होती. असेसरसाहेब दुसरीला अधिकच बिलगले. त्या चार-पाच वर्षांत त्यांनी माफीचा एकही अर्ज केला नाही, आणि योगायोग असा, की त्यांना एकदाही बोलावणे आले नाही. १९५५ च्या दुरुस्तीने असेसरांची पद्धतच रद्द झाली आणि १९५६ च्या जानेवारीपासून सेशन जज्ज एकटेच बसू लागले. मी ही वार्ता त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ पानाला चुना लावीत राहिले. "निदान एक नोटीस तरी द्यायची होती," एवढेच ते बोलले.

पण माणूस चिवट होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. आणि १९५९ च्या दिवाळीच्या सुमारास, नागपूरच्या वर्तमानपत्रात कमांडर नानावटींच्या खटल्याची हकिकत रकानेच्या रकाने येत असताना, एके सकाळी ते वर्तमानपत्राची घडी हातात नाचवीत चिंचेखाली अवतरले. मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष म्हटले, आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले, हे वाचून त्यांची मुद्रा खुलली होती. "तिथेही ऐकत नाहीत, बरं का!" ते म्हणाले. पण त्यांचे काम निराळे होते. आपण आता मुंबई राज्यात आहोत. मुंबईस ज्युरी आहे. तर भंडाऱ्यास का नसावी, आणि असल्यास यादीत प्रथम नाव कोणाचे असावे, अशी त्यांची बिनतोड उपपत्ती होती. काका तोवर निवर्तले होते. मी कागद पुढे ओढला, आणि ज्युरी सुरू करून अर्जदाराचे नाव तीत दाखल व्हावे, इथवर लिहून सही करण्यासाठी पुढे केला.

"थांबा," ते म्हणाले, "खाली आणखी एक कलम घाला. नाव दाखल झाल्यावर प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूट मिळावी म्हणून."

"त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, साहेब."

"म्हणजे दुसरं तिकीट लागणार. यातच घाला."

मी घातले. मग नेहमीच्या सवयीने विचारले, "वय किती लिहू?"

ते विचारात पडले. त्यांनी पानदान उघडले, मिटले, चिंचेच्या फांद्यांकडे पाहिले, आणि माझ्याजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "वरच्या कलमात अठ्ठावन्न लिहा. खालच्यात बासष्ट."