ऑईल कुठं मुरतंय?

प्रति,
माननीय वॉरंटीप्रमुख साहेब यांस,
खडेबाजार, बेळगाव येथून स. न. वि. वि.

(कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बोनेटवर भारी बिल्ला असलेल्या ज्या ज्या कंपनीची गाडी गळते, तिनं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं. टपालखर्च वाचतो.)

आपलं उत्तर पोचलं. गळती वॉरंटी संपल्यावर ‘निदर्शनास आली’, सबब खर्च ग्राहकाचा. एका ओळीत विषय मिटवलात! आमचं दुकानात बसून आयुष्य गेलं, पण गिऱ्हाइकाला इतकं स्वच्छ ‘नाही’ कधी म्हणता आलं नाही. रंग गेलेली साडी घेऊन बाई पायरी चढली की आम्ही आधी खुर्ची सरकवतो, मग चहा सांगतो, थोडी कुरकुर करतो आणि शेवटी बदलून देतो. धंदा शिकायचा तर आपल्याकडंच यायला पाहिजे.

आता ते ‘निदर्शनास’. साहेब, ऑईलचा तो ओला पट्टा वॉरंटी चालू असतानाच मी आपल्या वर्कशॉपच्या निदर्शनास आणला होता. तिथल्या तरुण सल्लागारानं गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारली आणि म्हणाला, “सर, हे लिकेज नाही, सीपेज आहे. नॉर्मल असतं. लक्ष ठेवूया.” मला एवढं बरं वाटलं की पुढच्या खेपेला त्याच्यासाठी कुंद्याचा डबा नेला. आम्ही लक्ष ठेवलं. यथावकाश वॉरंटी संपली. मग त्याच तरुणानं, त्याच जागी, बहुधा त्याच टॉर्चनं बघून सांगितलं, “सर, हे सीपेज नाही, लिकेज आहे. लगेच करून घ्या, नाहीतर इंजिन जाईल.” कुंदा कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, त्यामुळं त्याबद्दल तक्रार नाही.

पण एक विचारतो. सीपेज संपून लिकेज सुरू होतं ती हद्द नेमकी कुठं आहे? सीमाभागातल्या माणसाला हद्द म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. १९५६ साली एक रेघ ओढली गेली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आम्ही अजून रेघेकडं बघत बसलोय. तरी त्या रेघेला जागा तरी आहे. निपाणी मागं टाकली, कोगनोळीचा टोल भरला, दूधगंगा आली की झोपलेल्या माणसालाही कळतं, राज्य बदललं. आपली रेघ मात्र चालती-बोलती. वॉरंटीची तारीख जिकडं जाईल तिकडं ती जाते. तारखेच्या अलीकडं गळती मोजण्याइतकी नसते, पलीकडं ती मोफत करण्यासारखी नसते. ज्या दिवशी ती खरोखर कंपनीची असेल असा दिवस कॅलेंडरातच छापलेला नाही.

गळती दिसू नये याची सोयही आपण किती मायेनं केलीय! इंजिनाखाली प्लास्टिकचा ट्रे आहे, तो ऑईल मुकाट्यानं साठवतो. फरशीवर पहिला थेंब पडतो तेव्हा वर बरंच काही घडून गेलेलं असतं. ऑईल बघायची पट्टीही काढून टाकलीत, आता पडदा सांगेल तेवढंच खरं. आमच्या गल्लीतल्या जुन्या बुलेटचं बरं होतं. तिच्याखाली थेंब दिसला नाही तर ऑईल संपलंय असं समजायचं, इतका उघड व्यवहार. ती गाडी काही लपवत नव्हती, आणि तिला कुणी लक्झरीही म्हणत नव्हतं.

आपलं अंदाजपत्रक माझ्या भाच्याला दाखवलं. तो उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात आहे. आपल्याला माहीत नसेल, पण हे गाव फाउंड्रीचं आणि हायड्रॉलिक्सचं आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत दोनशे बारच्या वर दाब सोसणारी सिलं रोज बसवली जातात आणि ती कोरडी राहतात. भाचा गाडीखाली वाकून म्हणाला, “मामा, ऑईल गळूलालंय की! व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट हाय बगा.” मग त्यानं जे सांगितलं ते आपल्या पत्रात कुठंच नव्हतं. आपल्या इंजिनात पंपाचा दाब असून असून चार-पाच बार. त्यातही या गास्केटवर तो येतच नाही. तिथं ऑईल नुसतं उडतं आणि निथळून परत खाली जातं. म्हणजे ज्या जागी ऑईलला अडवायला फारशी ताकद लागत नाही, तिथंच आपलं अभियांत्रिकी हात टेकतं. टर्बोच्या उष्णतेनं रबर वाळतं, कडक होतं, आणि प्लास्टिकचं कव्हर तापून-निवून वाकडं होतं. शिवाय क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तुंबला तर आतला दाब वाढून ऑईल मिळेल त्या फटीतून वाट काढतं. “गास्केट बदलायच्या आधी तो व्हॉल्व्ह तपासला काय विचारा,” भाचा म्हणाला. विचारलं. तपासला नव्हता. अंदाजपत्रक मात्र तयार होतं.

आणि काय अंदाजपत्रक! दुसऱ्या पानावर क्रँकशाफ्टचं मागचं सीलही घातलंय. ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतं, म्हणून आधी गिअरबॉक्स उतरवायचा. सील हजारांत, मजुरी लाखात. एवढ्याशा रबरी कड्यापर्यंत पोचायला अर्धी गाडी खोलावी लागते, ही रचना कुणाची, आणि तिचं भाडं मी का भरायचं, हे त्या पानावर लिहिलेलं नाही.

‘खडतर वापर’ हेही एक कारण आपल्या माणसानं सुचवलं. मॅन्युअल काढून वाचलं. छोटी अंतरं, वारंवार थांबणं-निघणं, धूळ. साहेब, हे खडेबाजाराचं वर्णन आहे! गणपतीच्या आधी एकदा गणपत गल्लीकडून गाडी काढून बघा. ही गाडी ज्या रस्त्यावर चालायला हवी तो रस्ता आपण सोबत दिला नाहीत, आणि विकताना आपल्या माणसानं पत्ता विचारून, फॉर्ममध्ये नीट लिहूनही घेतला होता.

विमा कंपनीकडंही गेलो. तिथं सांगितलं, हा अपघात नाही, बिघाड आहे. झीज आणि यांत्रिक बिघाड मोटार विम्यात येत नाही. वाढीव वॉरंटी घ्यायची होती, असं आपण म्हणता. तिची पुस्तिका वाचली. सिलं आणि गास्केटं ‘झिजणाऱ्या वस्तूं’च्या यादीत, यादी वगळलेल्या गोष्टींच्या पानावर. सरकारनं मात्र वीस लाखांवरची गाडी म्हणून किमतीच्या १८ टक्के आजीवन कर पहिल्याच दिवशी घेतला. गाडीच्या आयुष्यावर कर्नाटक सरकारचा जेवढा विश्वास आहे तेवढा तिच्या आईबापांचा नाही.

भाच्यानं बोनेट उघडलं हे कळल्यावर ‘बाहेर हात लावलात तर पुढची कुठलीही हमी रद्द’ अशी समज मिळाली. आठवण करून देतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग बाजारात मिळू द्यायचे नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकला माहिती द्यायची नाही, म्हणून. केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. पुढं अपिलं झाली, ती होतातच. पण समज देणाऱ्या तरुणाला हा आदेश वाचायला द्या. कुंदा मी देतो.

आपल्या कायदे विभागानं आणखी एक खुंटी ठोकलीय. गाडी दुकानाच्या नावावर, म्हणून मी ‘ग्राहक’च नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या प्रकरणात सांगितलं की कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्यानं व्यापारी हेतूची ठरत नाही. त्या गाडीत ऑईल गळत नव्हतं, आतला मधला उंचवटा तापत होता. गाडी घेतल्याला दोन दशकं उलटल्यावर निकाल आला, तोवर उंचवटा निवला असावा.

ग्राहक आयोगाचाही हिशेब गमतीचा आहे. मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोगात. त्याहून जास्त असेल तर थेट दिल्ली. माणसानं जितके जास्त पैसे मोजावे तितकं वरचं दार ठोठावावं! शेजारच्या दुकानदाराची छोटी गाडी बिघडली तर तो गावातच दाद मागू शकतो. आपण आम्हाला सगळं प्रीमियम दिलंत, वणवणही.

परदेशातही आपल्या बिरादरीचं असंच आहे, हे वाचून धीर आला. बीएमडब्ल्यूचं एन-६३ हे व्ही-८ इंजिन ऑईल पितं म्हणून अमेरिकेत बोंब झाली. २०१४ साली कंपनीनं ग्राहकांसाठी खास मोहीम काढली आणि त्यात ऑईल बदलायची मुदत अलीकडं आणली. पिणाऱ्याला वरचेवर पाजा. पुढं सामुदायिक दावा लागला तेव्हा तडजोड झाली.

किर्लोस्कर रोड आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या गावात सायकलींचं दुकान काढलं. सायकल तेव्हा चैनच होती. त्यांनी ती विकली आणि चालवायला शिकवलीही. पुढं लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. नांगर पडून राहिले, पण शेतकऱ्यानं जमीन नीट वापरली नाही असं काही लक्ष्मणरावांनी पत्र पाठवलं नाही.

तेव्हा माझी मागणी एकच. फुकट गास्केट नको, माफीही नको. सीपेज म्हणजे किती, ते मिलिलिटरमध्ये लिहून, सही-शिक्क्यानिशी पाठवा. किती किलोमीटरमागं किती थेंब नॉर्मल, आणि त्यापुढचा पहिला थेंब कुणाचा. यापुढं प्रत्येक जॉब कार्डवर ‘ऑईल ओलसर दिसले’ हे शब्द तारखेसकट लिहून घेतल्याशिवाय मी किल्ली परत घेणार नाही, आणि बेळगावात आपली गाडी असलेल्या प्रत्येकाला तसंच सांगणार आहे. तक्रारीला कायद्यानं दोन वर्षांची मुदत आहे. ती मोजायची झाली तर ती ओळ उपयोगी पडते.

उत्तर मराठीत पाठवा, कन्नडात पाठवा, इंग्रजीत पाठवा, आम्हाला तिन्ही चालतात. फक्त ‘लक्ष ठेवूया’ हे तिन्हीपैकी कशातच नको.

आपला,
वॉरंटी संपलेला, पण ऑईल अजून न संपलेला
एक ग्राहक

ता. क. : शहाजोगपणे एक ग्राहक-समाधान सर्वेक्षण मोबाईलवर आलंय. दहापैकी गुण द्यायचे आहेत. मी ते सध्या निरीक्षणाखाली ठेवलंय.